मोकळ्या गावठी कोंबड्यांची राखण: मुंगूस, रानमांजर, कोल्हा, साप आणि घारीपासून

जाळी आणली, खुराडं बांधलं, कडी लावली, तरी आठवड्यात दोन कोंबड्या गेल्या, असं वस्तीवर राहणारे बरेच जण सांगतात. बहुतेक ठिकाणी चूक एकच असते. रात्रीची राखण आणि दिवसाची राखण ही दोन वेगळी कामं आहेत. लोक त्यातलं एकच करतात आणि दोन्हींचा गुण यावा अशी आशा धरतात. रात्रीचं नुकसान पूर्णपणे थांबवता येतं. त्याला पैशापेक्षा चिकाटी लागते. दिवसाचं नुकसान, कोंबड्या मोकळ्या सोडायच्या असतील तर, फक्त कमी करता येतं. हे आधी कबूल केलं की पुढचा खर्च योग्य जागी होतो.

खालची मापं वीस कोंबड्या आणि दोन कोंबडे यांच्यासाठी आहेत. तुमचा कळप लहान-मोठा असेल तर त्या प्रमाणात बदला. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नका.

## टप्पा १: कोण येतंय ते ओळखा, मगच जाळी विकत घ्या

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ-हातकणंगल्याच्या उसाच्या पट्ट्यात कोल्हा, रानमांजर आणि भटकी कुत्री यांचा त्रास जास्त. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगरकडेच्या भागात उदमांजर असतं, आणि तिथे बिबट्याही धरून चालावं लागतं. मुंगूस, धामण, घूस आणि घार बाराही तालुक्यांत. प्रत्येकाची आत शिरण्याची वाट वेगळी, म्हणून उपायही वेगळा.

सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचं साधन म्हणजे चुलीची राख. बारीक चाळून घ्या आणि खुराड्याभोवती दोन फूट रुंद पट्टा पसरा. थर नखाएवढा जाड पुरे. पावसाळ्यात वळचणीखाली चाळलेली कोरडी माती वापरा. सलग तीन रात्री पसरायची आणि पहाटे कोंबड्या सोडायच्या आधी बघायची. कोंबड्या बाहेर आल्या की पाच मिनिटांत सगळं उकरून टाकतात.

ठसे असे वाचा:

- गोल ठसा, चार बोटं, नखं नाहीत: मांजर जातीचं जनावर. लहान असेल तर रानमांजर किंवा गावातला बोका. तीन इंचांच्या आसपास असेल तर बिबट्या समजा आणि थेट टप्पा ९ वाचा.
- लांबट ठसा, चार बोटं, नखं उमटलेली: कुत्रं किंवा कोल्हा. कोल्ह्याचा ठसा अरुंद असतो आणि पुढच्या पायाच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मुळाशी जोडलेल्या असतात. राख बारीक असेल तर तो जोड स्पष्ट दिसतो.
- लहान ठसा, पाच बोटं: मुंगूस किंवा उदमांजर. दिवसा उमटला तर मुंगूस, रात्री उमटला तर बहुधा उदमांजर.
- नागमोडी पट्टा: साप. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पंजे उमटले असतील तर घोरपड.

ठसा मिळाला नाही तर मेलेली कोंबडी, किंवा तिचा मागमूस, काय सांगतो ते बघा. मुंगूस मानेला आणि डोक्याला चावतं. एका वेळी अनेक मारतं आणि बरीचशी तिथेच टाकून जातं. उदमांजर रात्री छपरातून उतरतं आणि डोकं, मान, छाती खातं. भिंतीच्या माथ्यावर किंवा कौलांवर फळांच्या बिया असलेली विष्ठा दिसली तर शंकाच नको. रानमांजर आणि कोल्हा एकच कोंबडी अख्खी नेतात. पिसांचा माग काढत गेलं की तो बहुतेक वेळा उसाच्या सरीत शिरतो. भटकी कुत्री खात नाहीत, फाडून टाकतात, आणि जाळी बाहेरून ओढलेली दिसते. अंडी टरफलासकट गायब असतील तर साप. मेलेल्या पिल्लाचं डोकं आणि मान ओली, चिकट, पिसं एकाच दिशेला चापून बसलेली असतील तरीही साप: गिळायला घेतलं, जमलं नाही, सोडून दिलं. पिल्लांच्या पायांचे लचके तोडलेले आणि जवळ ताज्या मातीचा ढिगारा असलेलं बीळ असेल तर घूस.

सावध: एकदा मुंगूस दिसलं म्हणून सगळा आळ मुंगसावर घालू नका. दिवसा मुंगूस आणि रात्री उदमांजर, असे दोघे एकाच खुराड्यावर येऊ शकतात. म्हणूनच तीन रात्री बघायचं.

## टप्पा २: भोवतालची जागा मोकळी करा

खुराड्याभोवती चारही बाजूंना किमान पंधरा फूट जागा उघडी हवी. या पंधरा फुटांत पाचटाचा ढीग नको, जळणाची रचलेली लाकडं नकोत, पडक्या विटा-चिऱ्यांचा ढीग नको, उकिरडाही नको. मुंगूस आणि रानमांजर उघड्यावरून चालत यायला बिचकतात. दबा धरायला आडोसा लागतो, आणि तो आपणच रचून ठेवलेला असतो. उसाची शेवटची सरी खुराड्याला लागून असेल तर तिथली दोन सऱ्यांची जागा सोडून द्या. तेवढ्या उसाच्या पैशापेक्षा कोंबड्यांचं नुकसान जास्त होतं.

छपरावर झुकलेली फांदी छपरापासून सहा फुटांपर्यंत तोडा. उदमांजर फांदीवरूनच येतं. खुराडं घराच्या जितकं जवळ, माणसाच्या वावराच्या जितकं वाटेवर, तितकं बरं. वासाला कंटाळून ते परड्याच्या टोकाला ओढ्याजवळ नेऊन ठेवणं ही नेहमीची चूक आहे. वास येत असेल तर खालचा भुसा बदला, खुराडं हलवू नका.

सांडलेलं धान्य संध्याकाळी झाडून घ्या आणि खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. धान्याला उंदीर येतात, उंदरांच्या मागे साप येतो, आणि साप आला की अंडी-पिल्लं त्याला आयतीच मिळतात.

## टप्पा ३: तळ

रात्रीच्या खुराड्याला एका गावठी कोंबडीमागे पावणेदोन ते दोन चौरस फूट जागा धरा. वीस-बावीस पक्ष्यांना सहा बाय सात फूट पुरते. उंची पुढे सहा फूट आणि मागे पाच, म्हणजे माणूस आत जाऊन झाडू शकतो. ज्या खुराड्यात माणसाला शिरता येत नाही, ते नीट साफ होत नाही आणि त्याची भोकंही दिसत नाहीत.

तळाचे दोन मार्ग आहेत. एकच करा, पण पूर्ण करा.

काँक्रीटचा तळ. जोतं जमिनीपासून सहा इंच उचला आणि वर तीन इंच जाडीचं काँक्रीट घाला. सिमेंट, वाळू, खडी १:२:४. या मापाला सुमारे दोन पोती सिमेंट लागतं. दाराकडे एक इंच उतार द्या. आठवडाभर पाणी मारा. कमी मारलं तर वर्षभरात तडे जातात आणि घूस त्या तड्याखालून माती काढते. वर तीन-चार इंच भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा.

मातीचा तळ आणि बाहेरचा जाळीचा झालर-पट्टा. बरेच जण जाळी सरळ खाली फूटभर गाडतात. कोल्हा आणि कुत्रं भिंतीच्या पायथ्याशीच उकरायला लागतात, आणि फूटभर उकरणं त्यांना अवघड नसतं. जाळी खाली न गाडता बाहेरच्या बाजूला आडवी पसरली की पायथ्याशी उकरणाऱ्या जनावराच्या पंजाखाली जाळीच येते. दोन फूट मागे सरून तिथून बोगदा काढावा, हे त्याला सुचत नाही.

त्यासाठी अर्धा इंच (चार सूत) चौकोनाची वेल्डेड जाळी, ४ फूट रुंदीची, २२ फूट घ्या. मधोमध उभी कापली की दोन फूट रुंदीची ४४ फूट पट्टी होते. सहा फुटी बाजूंना दहा फुटांचे दोन तुकडे आणि सात फुटी बाजूंना अकरा फुटांचे दोन. म्हणजे कोपऱ्यात दोन्हींचे थर एकमेकांवर येतात. चारही बाजूंचे मिळून ४२ फूट होतात, उरलेली दोन फूट ठिगळांना. प्रत्येक पट्टी तीन इंच भिंतीवर वळवून ठोका, उरलेली एकवीस इंच जमिनीवर पसरा, वीटभर अंतराने आकडे मारा आणि वर दोन-तीन इंच माती टाका. कोपरे बाइंडिंग तारेने शिवा. कोपरा सोडला तर सगळी मेहनत वाया जाते, कारण उकरणं तिथूनच सुरू होतं.

तपासणी: पावसाच्या पहिल्या दोन जोरदार सरी झाल्यावर झालर-पट्ट्याभोवती फिरा. माती वाहून जाळी उघडी पडली असेल तर पुन्हा भरा. गगनबावडा-राधानगरीकडे हे पावसाळ्यात दर पंधरवड्याला करावं लागतं.

## टप्पा ४: भिंती, छप्पर आणि फटी

इथे थोडं थांबून काम करा. मुंगूस आणि साप शिरतात ते इथूनच.

कोंबड्यांची म्हणून विकतात ती षटकोनी बारीक तारेची जाळी कोंबड्यांना आत ठेवायला चांगली आहे, जनावराला बाहेर ठेवायला नाही. कुत्रं ती दातांनी ओढून फाडतं, घूस कुरतडते, आणि दोन पावसाळ्यांत पायाशी गंजून गळते. रात्रीच्या खुराड्याला वेल्डेड जाळीच हवी, चौकोन अर्धा इंचाचा, तार १८ गेजची किंवा जाड. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. दुकानात हा घोळ नेहमी होतो.

जाळी नुसत्या खिळ्यांनी ठोकू नका. यू आकाराचे खिळे दर तीन इंचांवर, आणि वरून लाकडी पट्टी दाबून स्क्रू. कुत्र्याच्या ओढीने नुसते खिळे उपसून येतात. शक्य असेल तिथे जाळी चौकटीच्या बाहेरच्या बाजूने लावा, म्हणजे बाहेरून ढकललं तर ती चौकटीवर दाबली जाते.

आता फटी. मुंगूस जाड दिसतं, पण त्यात केसच जास्त. तीन बोटं एकत्र आत गेली तर मुंगूस जातं. त्याचं पिल्लू, घूस आणि साप यांना त्याहून कमी पुरतं. म्हणून माप असं ठेवा: साधी काडेपेटी घ्या आणि तिची जाड बाजू प्रत्येक फटीला लावून बघा. काडेपेटी आडवी आत गेली की ती फट बुजवायचीच.

बहुतेकांची विसरलेली जागा म्हणजे पत्र्याच्या नळ्या. सिमेंटचा किंवा लोखंडी नागमोडी पत्रा वाशावर ठेवला की प्रत्येक लाटेखाली एक अर्धगोल भोक राहतं. सहा फुटांच्या वळचणीला अशी डझनाने भोकं असतात. भिंत दगडी, दार लोखंडी आणि वर ही रांग उघडी. जाळीची सहा इंच रुंद पट्टी कापा, वरच्या कडेला दर दोन इंचांवर कात्रीने चीर द्या, म्हणजे ती लाटेत वाकून बसते, आणि खालून वाशाला ठोका. सिमेंटने बुजवलं तर हवा बंद होते, म्हणून जाळीच चांगली.

कौलारू छपराला कौलांखाली एक इंची जाळी संपूर्ण पसरून मगच कौलं लावा. उदमांजर कौल बाजूला सरकवतं, आवाजही होत नाही. पश्चिमेकडे जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत असेल तर सांध्यांत मसाला आतून-बाहेरून भरा. चिरा चांगला, पण कोरड्या सांध्यात घुशीची वाट असते.

हवा बंद करू नका. जनावराच्या भीतीने चारही बाजू पत्र्याने बंद केलेल्या खुराड्यात कोंबड्या सर्दीने, डोळ्यांच्या जळजळीने आणि उन्हाळ्यात गुदमरून मरतात. चारही भिंतींचा सगळ्यात वरचा एक फूट जाळीचा ठेवा आणि वळचण दीड फूट बाहेर काढा म्हणजे पाऊस आत येत नाही. सकाळी दार उघडल्यावर नाकाला झणका बसला तर हवा कमी पडते.

बसायच्या काठ्या दीड ते दोन इंच जाडीच्या, जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर, एकमेकींपासून फूटभर अंतरावर लावा. एका कोंबडीला नऊ इंच धरा. सहा फुटी तीन काठ्यांवर चोवीस पक्षी मावतात. सगळ्या काठ्या एकाच उंचीवर ठेवा, नाहीतर वरच्या जागेवरून रोज भांडणं. आणि जाळीपासून काठी किमान फूटभर आत. जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीला बाहेरून पंजा घालता येतो, आणि सकाळी कोंबडी आतच असते पण डोकं नसतं.

तपासणी: अंधार पडल्यावर खुराड्यात बॅटरी किंवा बल्ब लावून ठेवा, दार बंद करा आणि बाहेरून हळू एक फेरी मारा. खाली वाकून पायथा बघा, मान वर करून वळचण बघा. जिथून उजेडाची रेघ बाहेर येते तिथे खडूने खूण करा. दिवसा निवांत बघून जे दिसत नाही ते यात दिसतं.

## टप्पा ५: दार आणि कडी

दाराच्या चौकटीला चारही बाजूंनी थांबपट्टी हवी आणि खाली उंबरा. उंबरा नसेल तर भुसा बाहेर सांडतो, दार पूर्ण लागत नाही आणि खाली दोन बोटांची फट राहते. खिंडार पडायला तेवढं पुरतं. दार बाहेर उघडणारं ठेवा, म्हणजे आतला भुसा आड येत नाही.

कड्या दोन, एक वर आणि एक खाली. एकच मधली कडी असेल तर कुत्रं खालचा कोपरा ओढून वाकवतं. नुसती सरकती कडी पंजाने हलते, म्हणून कोयंड्यात खिळा किंवा हूक अडकवा. दोरीने बांधायची सवय सोडा. दोरी पावसात ताणते, उन्हात सैल होते आणि घाईत अर्धी बांधली जाते.

कोंबड्यांचं लहान दार दहा इंच रुंद, बारा इंच उंच. वरून खाली सरकणारं असेल तर ते खोबणीत पूर्ण बसल्यावर खिळा घाला. नुसतं वजनावर सोडलेलं दार मुंगूस नाकाने उचलतं.

## टप्पा ६: संध्याकाळचा क्रम

चांगलं खुराडं असूनही कोंबड्या जातात, त्याचं मोठं कारण उशिरा लागलेलं दार. कोल्हापुरात नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या सुमाराला. “रोज सात वाजता दार लावतो” असं म्हणणाऱ्याच्या कोंबड्या हिवाळ्यात तासभर अंधारात उघड्या दारामागे बसलेल्या असतात. घड्याळ बघू नका, सूर्य बघा.

क्रम असा:

1. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी मूठभर धान्य खुराड्याच्या आत टाका. रोज तीच हाक, तोच डबा. बाहेर टाकू नका.
2. दार लावायच्या आधी बॅटरीने आतले कोपरे, अंड्यांचे खोके आणि काठ्यांखालचा भाग बघा. साप किंवा मुंगूस आधीच आत असेल तर दार लावून आपणच त्याला कोंबड्यांबरोबर कोंडतो.
3. मोजा. मोठ्याने मोजा आणि आकडा दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहा.
4. दोन्ही कड्या, दोन्ही खिळे.
5. उरलेलं धान्य झाडा, डबा बंद करा.

एक कमी भरली तर आधी झाडावर आणि गोठ्याच्या माळ्यावर बघा. नेहमी झाडावर बसणाऱ्या कोंबड्यांना सात दिवस खुराड्यातच कोंडून दाणा-पाणी द्या, मग सोडा. बहुतेक आपोआप आत यायला लागतात. झाडावर कोंबडी सुरक्षित असते हा समज चुकीचा आहे. रात्री शृंगी घुबड आणि उदमांजर, दोघांनाही झाडावरची झोपलेली कोंबडी सोपी.

तीच कोंबडी रोज कमी भरत असेल तर ती उसात किंवा बांधावर खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली असण्याची शक्यता मोठी. अशी कोंबडी दिवसातून एकदा दाणा खायला येते. तेव्हा गुपचूप मागे जा, जागा बघा, आणि रात्री तिला अंड्यांसकट उचलून आत आणा. दिवसा उचललं तर ती पुन्हा त्याच जागी पळते.

रात्रभर बल्ब लावू नका. उजेडाला किडे येतात, किड्यांना बेडूक, बेडकांना साप. कोंबड्यांची झोपही मोडते.

## टप्पा ७: दिवसाची राखण

सकाळी उजाडल्याबरोबर सोडायची घाई नको. रानमांजर आणि कोल्हा पहाटे आणि संध्याकाळीच जास्त फिरतात. नऊनंतर सोडलं तर तो धोका जातो, आणि बऱ्याचशा कोंबड्या तोवर आतच अंडी घालतात, म्हणजे बांधावरची घरटीही कमी होतात. मात्र आत पाणी हवंच. एप्रिल-मेमध्ये लवकर सोडावं लागतं. त्या दिवसांत तासभर माणसाने जवळ वावरायला हवं.

उघड्या माळावर कोंबड्या घारीला दिसतात, दाट उसाच्या कडेला मुंगसाला सापडतात. दोन्हींच्या मधलं हवं: मोकळ्या जागेत ठिकठिकाणी लपायच्या जागा. चार विटांवर ठेवलेला पत्रा, जुनी बैलगाडीची साटी, जमिनीपासून दीड फुटावर बांधलेला तुराट्यांचा मांडव. दर पंचवीस-तीस फुटांवर एक. चारही बाजूंनी उघडा ठेवा, नाहीतर मुंगूसच आत जाऊन बसतं.

कोंबडा ठेवा, आठ-दहा कोंबड्यांमागे एक. त्याचा आवाज शिकून घ्या. वर घार किंवा शिक्रा दिसला की तो मान तिरकी करून एक लांब, बारीक सूर काढतो आणि कोंबड्या पत्र्याखाली पळतात किंवा जागीच दबतात. जमिनीवरून काही येत असेल तर तुटक कट्-कट्-कटाक् चालू होतं आणि कोंबड्या मान उंच करून बघतात. दुसरा आवाज आला की काठी घेऊन धावायचं, आकाशाकडे बघायचं नाही.

चकचकीत पट्ट्या, जुन्या सीडी, बुजगावणं यांना घार आठ-दहा दिवस बिचकते. मग सरावते. जागा दर चार दिवसांनी बदलली तर थोडा जास्त काळ उपयोग होतो. यावर विसंबू नका.

कुत्रं असेल तर उत्तम, पण त्याला लहानपणापासून कोंबड्यांची सवय हवी. मोठेपणी आणलेलं कुत्रं स्वतःच पहिली कोंबडी मारतं.

ऊसतोडीच्या काळात जास्त सावध. फड पेटवला किंवा तुटला की त्यातली रानमांजरं, कोल्हे, मुंगसं एका दिवसात बेघर होतात आणि शेजारच्या वस्तीकडे सरकतात. आपल्या किंवा शेजारच्या फडात टोळी उतरली की पुढचे आठ दिवस कोंबड्या आवारातच ठेवा.

## टप्पा ८: पिल्लं, खुडूक कोंबडी आणि साप

पिल्लांचं नुकसान सगळ्यात जास्त होतं. पहिले चार आठवडे पिल्लं मोकळी नाहीतच. चौथ्या ते आठव्या आठवड्यात कोंबडीसकट जाळीच्या आवारात. त्यानंतर बाहेर. पाव किलोच्या आतलं पिल्लू घार सहज उचलते, आणि लहान पिल्लांना कावळाही पुरतो.

पिल्लं डालग्याखाली, म्हणजे उपड्या टोपलीखाली, ठेवत असाल तर डालगं मातीवर ठेवू नका. शहाबादी फरशीवर ठेवा आणि वर पाच-सहा किलोचा दगड. मातीवर ठेवलं तर घूस खालून येते. दगड नसेल तर मुंगूस कडेला नाक घालून डालगं उलथतं. हे दिवसापुरतं. रात्री पिल्लं बंद खुराड्यातच, अर्धा इंची जाळीच्या वेगळ्या कप्प्यात.

आवाराच्या वरची जाळी नायलॉनची चालते, भोक दोन इंचांपर्यंत, उंची सात फूट म्हणजे आत चालता येतं. पाना-पाचोळ्याने ती झुकते, म्हणून मधे तार ताणा. ग्रीननेट वर टाकू नका, वळवाच्या वाऱ्यात ती शिडासारखी फुगते आणि खांब घेऊन जाते. नायलॉनची जाळी जमिनीजवळ कधीही सैल सोडू नका. साप त्यात अडकतो, खवल्यांमुळे त्याला मागे सरकता येत नाही, आणि सकाळी तुम्ही जाळी उचलायला जाता तेव्हा हातापाशी जिवंत नाग असू शकतो.

सापासाठी वेगळं औषध नाही. उंदीर कमी, फटी बंद, अंडी दुपारी आणि संध्याकाळी अशी दोनदा उचलणं, इतकंच चालतं. डांबरगोळ्या, गंधक, रॉकेल यांचा भरवसा नाही. फोरेट या कीटकनाशकाचे दाणे टाकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती जीवघेणी आहे. कोंबड्या ते दाणे टिपतात, मुलांच्या हाताला लागतात, आणि त्या औषधाच्या वापरावर बंदीही आहे.

साप आत दिसला तर कोंबड्या बाहेर काढा, दार उघडं ठेवून लांब उभं राहा आणि सर्पमित्राला बोलवा. दंश झाला तर जखमेला चीर देणं, आवळून बांधणं, मांत्रिक, यात वेळ घालवू नका. तो अवयव हलू न देता १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठा.

## टप्पा ९: हल्ला झाल्यावर

जनावर परत येतं, बहुधा त्याच वाटेने आणि एक-दोन रात्रींतच. म्हणून त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत, तीन कामं: मेलेल्या कोंबड्या दूर नेऊन दोन फूट खोल पुरा, शिरल्याची जागा शोधून बुजवा, आणि राखेचा पट्टा नव्याने टाका. मेलेली कोंबडी आमिष म्हणून ठेवू नका.

विष, फास, सापळा लावू नका. मुंगूस, रानमांजर, उदमांजर, कोल्हा, घोरपड या सगळ्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं संरक्षण आहे. विष घातलेलं मांस आधी तुमचं किंवा शेजाऱ्याचं कुत्रंच खातं. कुंपणात घरची वीज सोडणं तर त्याहून वाईट. रात्री पाणी पाजायला उठलेला माणूस त्यात जातो, आणि तो गुन्हा आहे.

ठसा बिबट्याचा वाटला तर माग काढत उसात शिरू नका. खुराडं दगडी-लोखंडी करणं आणि घराला लागून ठेवणं हाच उपाय. रात्री एकट्याने बाहेर पडू नका, मुलांना पहाटे-संध्याकाळी परड्यात पाठवू नका, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

खुराड्यात अडकलेल्या मुंगसाला किंवा मांजराला हाताने धरू नका. दार उघडा आणि बाजूला व्हा. चावा बसलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. जखम लहान आहे म्हणून थांबू नका.

उरलेल्या कोंबड्या काही दिवस अंडी घालत नाहीत, आत जायला कां-कूं करतात. तीन-चार दिवस आवारातच ठेवा, पाणी-दाणा भरपूर द्या, आवाज-गर्दी टाळा. मानेवर चावा बसलेली कोंबडी वेगळी ठेवा, जखम मीठ-पाण्याने धुवा आणि पशुवैद्यकाला दाखवा. कळपात ठेवली तर बाकीच्या तीच जखम टोचून उघडी करतात.

नव्या तलंगा (तरुण कोंबड्या) लगेच आणू नका. सलग सात सकाळी राख कोरी दिसली, एकही ठसा नाही, की मग आणा.